एप्रिलचं गवत, दिवाळीची टाकी

दोरी अकराव्यांदा ओढून झाली आणि भाचीने हात टेकले. गवत कापायचा मोअर होता तसाच थंड. न्यू जर्सीतल्या एडिसनजवळचं घर, गॅरेजचं दार अर्धं वर सरकवलेलं, कुंपणाशी फोर्सिथियाची पिवळी फुलं गळायला लागलेली, आणि पुढच्या अंगणातलं गवत घोट्याच्या वर आलेलं. शेजाऱ्यांचं यंत्र या आठवड्यात दुसऱ्यांदा फिरत होतं.

"मामा, जाऊ दे आता हे. दुपारी जाऊन बॅटरीवाला आणू. बटण दाबलं की सुरू. पेट्रोल नको, धूर नको."

मामा लगेच काही बोलले नाहीत. दापोडीच्या एसटी कार्यशाळेतून निवृत्त झालेला हा माणूस मार्चअखेर भाचीकडे आला होता. त्यांनी यंत्राभोवती एक चक्कर मारली, टाकीचं झाकण फिरवलं आणि खाली वाकून वास घेतला. "इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा, इंधन, ठिणगी. यातलं कोण आलेलं नाही हे न बघताच टाकून द्यायचं?"

असा वाद अमेरिकेच्या उत्तर भागात वसंताच्या तोंडावर घरोघरी होतो. इकडचं गवत थंड हवेतलं. केंटकी ब्लूग्रास, फेस्क्यू, रायग्रास या त्याच्या जाती. हिवाळाभर ते झोपल्यासारखं पडून असतं आणि माती साधारण दहा अंश सेल्सिअसच्या पुढे तापली की एकदम उठतं. सगळ्या वस्तीला एकाच आठवड्यात एकच यंत्र लागतं, आणि ते यंत्र पाच महिने कोपऱ्यात पडून असतं. दुरुस्तीवाल्याकडे नंबर लागतात. गवत ठरावीक उंचीच्या वर गेलं तर नोटीस पाठवणाऱ्या नगरपालिकाही बऱ्याच आहेत, म्हणून नुसतं थांबून चालत नाही. मग दोन वाटा उरतात. नवं आणा, नाहीतर आहे ते उघडून बघा.

भाची आळसापायी नव्याचा आग्रह धरत नव्हती, हे आधी सांगायला हवं. तिच्याकडे कारणं होती. कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदा करून १ जानेवारी २०२४ पासून अशा लहान पेट्रोल इंजिनांच्या नव्या यंत्रांची विक्री थांबवायला घेतली, ते तिला माहीत होतं. होंडासारख्या नावाजलेल्या कंपनीने २०२३ मध्ये अमेरिकेसाठी मोअर बनवणंच बंद केलं, हेही. "जे सगळं जग सोडून देतंय ते आपण का धरून बसायचं?" तिचा सवाल सरळ होता.

"जग काय सोडतंय ते मला नाही सांगता येणार," मामा म्हणाले. "पण हे पेट्रोल खराब झालंय, एवढं मी नाकाने सांगतो. ताजं पेट्रोल नाकात चढतं. हे वार्निशसारखं वास मारतंय. कधी भरलं होतंस?"

"ऑक्टोबरमध्ये."

"मग बरोबर."

इथल्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं, मुख्यतः मक्यापासून काढलेलं. इथेनॉल हवेतली ओल खेचतं. ओल मर्यादेबाहेर गेली की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात, आणि कार्बोरेटर नेमका तळातूनच इंधन उचलतो. शिवाय पेट्रोलमधला हलका, चटकन पेट घेणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट राळेसारखा थर उरतो. म्हणून इंजिन बनवणारे सांगतात, की काही मिसळल्याशिवाय पेट्रोल महिनाभराहून जास्त साठवू नका. मामांना यातला इथेनॉलचा भाग नवा नव्हता. भारतात २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं, तिथे ते ऊस आणि धान्यापासून येतं. गावाकडे त्यांच्या भावाचा ऊस असतो. "रोज फिरणाऱ्या गाडीला पेट्रोल जुनं व्हायला वेळच मिळत नाही," ते म्हणाले. "पाच महिने उभ्या राहणाऱ्या यंत्राचं काय, ते आपल्याकडेही आता बघावं लागेल. फवारणीचे पंप असेच उभे असतात."

एसटी डिझेलवर चालते. मामांचा कार्बोरेटरचा अभ्यास झाला तो घरच्या स्कूटरवर. त्यांनी दोन नट काढून कार्बोरेटरची खालची वाटी हातात घेतली आणि भाचीला उजेडात दाखवली. तळाला पांढुरक्या हिरवट रंगाचा थर होता, बोट फिरवलं तर साबणासारखा लागणारा. मधल्या पितळी जेटला सुईच्या टोकाएवढं भोक असतं, सगळं इंधन त्यातूनच वर जातं. भाचीने जेट खिडकीकडे धरून डोळा लावला. पलीकडे काहीच दिसलं नाही.

"म्हणजे एवढ्याशा भोकापायी मी अकरा वेळा दोरी ओढली?"

"आणि एवढ्याशा भोकापायी यंत्र भंगारात निघालं होतं."

त्यांनी तारेच्या ब्रशमधली एक बारीक तार उपटून ती अलगद आत-बाहेर केली, भोक मोठं होऊ नये म्हणून जराही जोर न लावता. मग कार्बोरेटर क्लीनरचा फवारा. पुन्हा डोळा लावल्यावर टाचणीएवढं आभाळ दिसलं. ती ते बराच वेळ बघत राहिली.

जुनं पेट्रोल डब्यात काढून बाजूला ठेवलं, काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी द्यायला. ताजं आणायला दोघं लाल कॅन घेऊन पंपावर गेले. न्यू जर्सीत १९४९ च्या कायद्यामुळे ग्राहकाला स्वतः पेट्रोल भरता येत नाही, पंपावरचा माणूसच भरतो. त्याने कॅन आधी जमिनीवर ठेवायला लावला. गाडीच्या डिकीत ठेवून भरलं तर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. मामांना तो पंप आपल्याकडच्यासारखाच वाटला आणि ते त्या माणसाशी हिंदीत बोलायला लागले. तो गुजराती निघाला.

प्लगचं काम फार नव्हतं. काळी, कोरडी काजळी बसलेली होती. प्लग स्वस्त असतो, दरवर्षी बदलावा. नव्या प्लगचीही गॅप बघून घ्यावी, या इंजिनाला पुस्तिकेप्रमाणे पाऊण मिलिमीटर. कागदी एअर फिल्टर खिडकीला धरला तर पलीकडचा उजेड दिसेना, तोही बदलला.

चौथ्या ओढीला यंत्र सुरू झालं. आधी थोडा पांढरा धूर, मग आवाज वर-खाली, वर-खाली, आणि दीड-दोन मिनिटांत एका सुरात. मामांनी डोळे मिटून तो ऐकला.

भाचीला आनंद झाला, पण तिने मुद्दा सोडला नाही. "सुरू झालं म्हणजे मी हरले असं नाही, मामा. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने हिशोब केलाय. व्यावसायिक मोअर एक तास चालवला तर जेवढं धुरकं करणारं प्रदूषण होतं, तेवढं व्हायला २०१६ ची टोयोटा कॅमरी तीनशे मैल चालवावी लागते. पुण्याहून मुंबईला जायचं, परत यायचं आणि पुन्हा मुंबईला जायचं, एवढं ते अंतर. गाडीच्या धुराड्यात तो धूर शुद्ध करणारा भाग असतो, अशा यंत्रांत सहसा नसतो."

मामा गप्प झाले. हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं, आणि ते त्यांनी कबूलही केलं. मग त्यांनी उलट हिशोब मांडला. एप्रिल ते ऑक्टोबर, आठवड्याला एकदा, एका वेळी चाळीस मिनिटं. वर्षाचे जेमतेम वीस तास होतात. "एसटीची गाडी दोन-तीन दिवसांत एवढे तास चालते. हे इंजिन अजून बाळ आहे. वीस तासांसाठी नवं लोखंड, नवं प्लास्टिक, नवी लिथियम बॅटरी घडवायची आणि हे चालतं यंत्र फेकायचं, यात धूर नाही का झाला?"

या ठिकाणी दोघांचंही बरोबर आहे, आणि ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत म्हणून बरोबर आहे. पुढचा मोअर कोणता घ्यावा याचं उत्तर भाचीकडे आहे. लहान अंगणाला बॅटरीचं यंत्र पुरतं, आवाज कमी, आणि हिवाळ्यात बॅटरी घरात ऊबेला, अर्धी-पाऊण भरलेली ठेवली की झालं. आजचा मोअर केव्हा टाकावा याचं उत्तर मामांकडे आहे: तो दुरुस्तीच्या पलीकडे जाईल तेव्हा. जे रोज सहा-आठ तास हीच यंत्रं चालवून लोकांची अंगणं कापतात त्यांची गोष्ट मात्र निराळी. वर्षभर तो धूर आणि तो आवाज झेलणाऱ्या कामगारासाठी भाचीचा मुद्दा आजच लागू आहे, आणि कायद्यांनी आधी तिकडे बघायला हवं.

इंजिन पाच मिनिटं चाललं होतं, म्हणजे आतलं ऑइल पातळ झालं होतं. मामांनी ते तेवढ्यात काढून घेतलं. अर्धा लिटरच्या आसपास असेल. कॉफीसारखं काळं. दोन बोटांत चोळलं तर बारीक कचकच लागत होती. नवं एसएई ३० भरलं, पट्टीवरच्या खुणेपर्यंत, वर नाही. जुनं ऑइल बरणीत भरून ठेवलं. इथे मोटारींच्या सुट्या भागांची बरीच दुकानं ते परत घेतात.

पात्यापर्यंत पोचायला यंत्र कलतं करावं लागतं. मामांचे हात आपोआप पुढे गेले. स्कूटरमध्ये पेट्रोल येत नसलं की ती अंगावर तिरकी घ्यायची आणि मग किक मारायची, ही त्यांच्या पिढीची सवय. त्यांनी मोअर उजवीकडे कलवायला घेतला आणि भाचीने दांडा धरला.

"त्या बाजूला नाही! एअर फिल्टर वर राहिला पाहिजे. नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये शिरतं. पुस्तिकेत चित्र आहे." तिने फोनवर पान उघडून दाखवलं. "आणि आधी प्लगची वायर काढ. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन फिरतं, चुकून पेटलं तर बोटं जातील."

मामांनी वायर काढली, ती प्लगपासून लांब वळवून ठेवली आणि यंत्र डावीकडे कलवलं.

अमेरिकेत ३० जून १९८२ पासून नियम आहे, की चालवणाऱ्याने दांड्याला जोडलेली कडी सोडली की तीन सेकंदांच्या आत पातं थांबलं पाहिजे. त्याआधीच्या यंत्रांना हे बंधन नव्हतं. मोअरच्या पात्याच्या टोकाला अमेरिकेतल्या मानकाने जास्तीत जास्त वेग ठरवून दिलाय तो मिनिटाला १९,००० फूट, म्हणजे ताशी सुमारे ३४७ किलोमीटर. त्या वेगाने उडालेला खडा काय करील, हे सांगायला नको. म्हणून कापण्याआधी अंगणातून एक फेरी मारायची आणि काठ्या, दगड, मुलांची खेळणी उचलून घ्यायची.

पात्याच्या खालच्या बाजूला गेल्या वर्षीच्या गवताचा वाळून शेणकुटासारखा झालेला थर होता. लाकडी पट्टीने खरवडून तो निघाला. पात्याला लाकडाचा ठोकळा अडकवून बोल्ट सोडवला आणि पातं भाचीच्या हातात दिलं. एका टोकाची धार गोल झाली होती. दुसऱ्या टोकाजवळ दगडावर आपटून पडलेला खाचा होता, करंगळीचं नख मावेल एवढा.

"आता सांग," मामा म्हणाले, "तुझ्या बॅटरीवाल्याला हे लागतं की नाही?"

"लागतं. बोथट पात्याने बॅटरीही लवकर उतरते."

मग दोघंही कामाला लागले. तो अर्धा तास दुपारचा सर्वात चांगला होता. पातं शिकंज्यात आवळून मामांनी कानस धरायला शिकवलं. दाब फक्त पुढे जाताना, परत आणताना कानस उचलायची, आणि मूळचा तिरपा कोन मोडायचा नाही. वस्तऱ्यासारखी धार करायची नसते. इतकी पातळ कड पहिल्या खड्यालाच दुमडते. लोणी पसरायच्या सुरीएवढी पुरे. खाचा पूर्ण घासायचाही आग्रह नको. त्यापायी एका बाजूचं लोखंड जास्त गेलं तर पातं एकीकडे जड होतं, आणि जड पातं इंजिनाचा दांडा हलवून खिळखिळा करतं.

ते तपासायची रीत जुनी आणि साधी आहे. भिंतीत एक खिळा ठोकला आणि पात्याचं मधलं भोक त्यात अडकवलं. डावी बाजू हळूहळू खाली झुकली. भाचीने ती बाजू दहा-बारा वेळा कानसली आणि पुन्हा टांगलं. अजून झुकतंय. आणखी पाच. तिसऱ्या वेळी पातं आडवं राहिलं. तिने बोटाने हलवलं, ते डोललं आणि पुन्हा आडवं झालं.

"दापोडीत खंडेनवमीला आम्ही सगळे पाने, कानशी, जॅक धुऊन पुसून मांडायचो," मामा म्हणाले. "हार घालायच्या आधी प्रत्येक वस्तू हातात यायची. कुठला पाना झिजलाय, कुठल्या जॅकचं ऑइल गळतंय, ते त्याच दिवशी कळायचं."

धारेचा गवताशी थेट संबंध आहे. बोथट पातं गवत कापत नाही, ओरबाडतं. फाटलेली टोकं दोन दिवसांत पांढुरकी होतात, तिथून ओल उडते आणि रोग शिरतो. पहिल्या मोअरला ही अडचण नव्हती, कारण तो वेगळ्या तऱ्हेने कापायचा. इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळचा एडविन बडिंग हा कारागीर. लोकरी कापडावरची लव कापून ते गुळगुळीत करणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्याला कल्पना सुचली आणि १८३० साली त्याने गवतासाठी त्याच धाटणीच्या यंत्राचं पेटंट घेतलं. गोल फिरणारी पाती खालच्या स्थिर पात्याशी कात्रीसारखी जुळतात. क्रिकेटची मैदानं आजही बहुतेक तशाच यंत्राने कापतात. घरोघरचा मोअर मात्र एकच पातं गरगर फिरवून नुसत्या वेगावर गवत तोडतो. धारेवाचून त्याचं चालत नाही.

यंत्राआधी हे काम मेंढ्या करत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या 'शीप मेडो' नावाच्या कुरणात १९३४ पर्यंत खरोखर मेंढ्या चरत होत्या. पहिल्या महायुद्धात अध्यक्ष विल्सन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या आणि त्यांची लोकर रेड क्रॉससाठी लिलावात विकली. हे ऐकून मामा खूश झाले. त्यांच्या आईने आयुष्यभर विळ्याने गवत कापलं ते गोठ्यातल्या जनावरांसाठी. कापलेलं गवत कोणाच्याच पोटात जात नाही, हे त्यांना आल्या दिवसापासून खटकत होतं.

"म्हणून तर म्हणते, सगळं कापायचंच कशाला?" भाचीने आपला खरा मुद्दा आता काढला. उपग्रहांच्या माहितीवरून क्रिस्टिना मिलेसी यांनी २००५ मध्ये काढलेला अंदाज तिने सांगितला: अमेरिकेतल्या हिरवळींचं क्षेत्र सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा, म्हणजे अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र नुसतं कापायचं गवत. ब्रिटनमधल्या 'प्लांटलाइफ' संस्थेने २०१९ पासून मे महिन्यात गवत कापू नका अशी मोहीम चालवली आहे, मधमाश्यांना रानफुलं मिळावीत म्हणून. पण भाची प्रामाणिक आहे. विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन शहरात या मोहिमेनंतर मधमाश्या कितीतरी वाढल्याचं सांगणारा शोधनिबंध पुढे मागे घेतला गेला, हे तिने स्वतःहून सांगितलं. "महिनाभर सोडून जूनमध्ये एकदम कापलं तर गवतही बिघडतं. मला मागच्या मेपलखालचा पट्टा कायमचाच सोडायचा आहे. तिथे सावलीत गवत धड येतही नाही."

"उंच गवतात काय बसतं ते माहितीये ना?" मामांच्या डोक्यात साप-विंचू होते. इथे भीती गोचिडीची. न्यू जर्सीत काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम रोग होतो. तेव्हा असं ठरलं, की मुलांच्या खेळायच्या जागेपासून तो पट्टा दूर राहील आणि मधे कापलेल्या गवताची रुंद वाट राहील.

कापायच्या उंचीवर मामा हरले. त्यांचं म्हणणं, एकदाच मुळाशी बारीक कापून टाकू, पंधरा दिवस निवांत. भाचीने चाकांवरचे चारही खटके सर्वात वर, तीन इंचांवर आणले. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. गवताची मुळं वरच्या पानाच्या जिवावर खोल जातात, आणि उघड्या मातीवर ऊन पडलं की क्रॅबग्रास हे तण आधी उगवतं. म्हणून आज सर्वात वरची उंची, पाच दिवसांनी एक खटका खाली. कापलेलं गवत तिथेच बारीक करून पसरू द्यायचं. हिरवळीला लागणाऱ्या नत्रापैकी चौथा हिस्साही त्यातून मिळू शकतो. "हे मला पटलं," मामा म्हणाले. "शेवटी खत तरी झालं."

संध्याकाळी गवत कोरडं असताना पुढचं अंगण कापून झालं. मामांनी वाकून एक पान तोडलं आणि टोक बघितलं. सरळ, स्वच्छ कापलेलं.

मामांचं परतीचं तिकीट ऑगस्टअखेरचं होतं. हिवाळ्याची तयारी भाचीला एकटीनेच करायची होती. पायरीवर बसून तिने फोनवरचं कॅलेंडर उघडलं.

"खंडेनवमीला पातं काढ, धार लाव, पूजेत मांड," मामा सांगत होते. "टाकी नंतर. गवत थांबलं की."

"म्हणजे दिवाळीच्या सुमाराला. आधी टाकी की आधी ऑइल?"

"टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालव. आपलं आपण बंद पडू दे, म्हणजे वाटीतलंही संपेल. मग लगेच ऑइल काढ. गार होऊ दिलंस तर घाण तळालाच बसून राहील."

तिने दिवाळीच्या रकान्यात लिहिलं, 'टाकी रिकामी', आणि त्याखाली, 'ऑइल, इंजिन गरम असताना'.